बाळंतपणानंतर पॅड मागून गळतं, टाक्यांना चिकटतं, मांड्या सोलवटतात: काय तपासायचं, काय बदलायचं

दूध पाजण्याच्या अडचणींसाठी मी पुण्यात बाळंतिणींच्या घरी जाते. पहिला प्रश्न बाळाचा असतो. दुसरा प्रश्न आई किंवा सासूबाई चहा टाकायला आत गेल्या की हळू आवाजात येतो, आणि तो पॅडचा असतो. "ताई, कितीही मोठं लावलं तरी मागून गळतंच." "टाक्यांना चिकटून बसतं, काढताना जीव जातो." "मांड्या सोलवटल्यात, चालवत नाही." कोथरूड असो, हडपसर असो की पेठेतला जुना वाडा, तक्रारी याच आणि पुन्हा पुन्हा त्याच. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते आहे.

बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: पाळीचं पॅड, पाळीच्या सवयीने वापरलेलं. वार (प्लॅसेंटा) पडली की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर तिच्या जागी जखम राहते. ती भरून येईपर्यंत रक्त, आतलं अस्तर आणि स्राव बाहेर पडत राहतो. डॉक्टर त्याला लोकिया म्हणतात. सिझेरियन झालं तरी तो होतोच, थोडा कमी असतो इतकंच. पहिले तीन-चार दिवस लालभडक आणि भरपूर, मग साधारण दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी आणि पातळ, पुढे चार ते सहा आठवडे पिवळसर-पांढरा. या तीन टप्प्यांना एकाच प्रकारचं पॅड पुरत नाही. पाळीचं एकच पाकीट आणून सव्वा महिना काढायला गेलं की वरच्या तिन्ही तक्रारी ओळीने येतात.

आधी हे बघा: दोष पॅडचा आहे की रक्तस्रावच जास्त आहे?

पॅड बदलण्याच्या युक्त्या सांगण्याआधी हे सांगणं भाग आहे, कारण "पॅड गळतं" म्हणून सांगितलेली तक्रार कधीकधी पॅडची नसतेच.

मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास तसंच चालू आहे. लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडतायत. कुजल्यासारखा वास येतोय. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आहे. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते. यातलं एकही लक्षण असेल तर पॅडचा ब्रँड बदलत बसू नका, प्रसूती झाली त्या रुग्णालयाला लगेच फोन करा. अंधारी किंवा धडधड असेल तर दोन तास मोजायचेही नाहीत, थेट 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाळंतिणीला आडवं झोपवा, एकटं सोडू नका आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरू देऊ नका.

जास्त रक्तस्राव फक्त पहिल्या दिवसापुरता असतो असा समज आहे. बाळंतपणानंतर 24 तासांपासून ते 12 आठवड्यांपर्यंत तो कधीही होऊ शकतो. गर्भाशयात वारेचा एखादा तुकडा राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर आठवडा-दोन आठवडे सगळं ठीक वाटतं आणि मग अचानक लाल जायला लागतं. घरातल्या मोठ्या बायका प्रेमानेच म्हणतात, "घाण आहे ती, जाऊ दे, जेवढं जाईल तेवढं चांगलं." त्यांना उलट बोलायची गरज नाही. पण तासाला पॅड भिजत असेल तर ते घाण जाणं नाही, ते अंगातलं रक्त जाणं आहे, एवढं त्यांना स्पष्ट सांगा. नवऱ्यालाही ही यादी पाठ हवी. रात्री अडीचला पुण्यातल्या कुठल्या रुग्णालयात जायचं, गाडी कोण चालवणार, बाळाला कोण घेणार, हे बाळंतिणीने ठरवत बसायचं नसतं.

आणखी एक साधी गोष्ट: लघवी तुंबलेली असली की गर्भाशय नीट आवळत नाही आणि रक्त जास्त जातं. टाके झोंबतील या भीतीने लघवीला न जाणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. पहिले काही दिवस इच्छा नसली तरी दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं.

मागून गळतं

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि तिचं कारण समजलं की उपाय आपोआप सुचतात.

आडवं झोपलेलं असताना रक्त योनिमार्गात साचतं आणि उठून उभं राहिल्याबरोबर एकदम येतं. बाळाला पाजायला घेतलं की शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, गर्भाशय आवळतं, पोटात कळ येते आणि त्याच वेळी जास्त जातं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा आणखी जोरात असतात. म्हणजे पाळीसारखं हळूहळू जाणं हे नव्हेच, हे लोंढ्याने येतं. बाजारातल्या पातळ पॅडमध्ये आत जेल होणारी पावडर असते. ती भरपूर द्रव धरून ठेवते, पण तिला वेळ लागतो, आणि दाट रक्ताला जास्तच लागतो. लोंढा आला की आत मुरायच्या आधीच तो पृष्ठभागावरून वाहत मागे जातो. त्यात गाठ पडली तर ती आत शिरतच नाही, वर तशीच बसते आणि पुढचं रक्त तिच्या कडेने ओघळतं. म्हणून "पॅड अर्धं कोरडं आणि चादर मात्र भिजलेली" हे कोडं रोज पडतं.

पहिल्या आठवड्यात पातळ आणि लांब यापेक्षा जाड आणि मागे रुंद पॅड बघा. पाकिटावर 280 मिमी लिहिलेलं असतं ते पाळीला ठीक, इथे 320 मिमीच्या खाली जाऊ नका, आणि रात्री त्याहून लांब मिळालं तर उत्तम. 'मॅटर्निटी पॅड' म्हणून मिळतात ती बहुधा जाड, मऊ आणि कापसाच्या लगद्याची असतात. काहींना चिकटपट्टीऐवजी दोन टोकांना बंद किंवा फास असतात आणि सोबत कमरेचा पट्टा येतो. मोठ्या औषध दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. पण प्रसूतीच्या आधी एखादं पाकीट घरात आणून ठेवा, कळा सुरू झाल्यावर कुणाला पळवू नका.

पॅड लावताना आपण सवयीने मध्यभागी लावतो. दिवसा बसण्या-चालण्यात ते बरोबर. रात्री उताणं झोपणार असाल तर दोन-तीन बोटं मागे सरकवून लावा. कुशीवर झोपत असाल तर मध्येच असू दे, पण मागची बाजू रुंद हवी. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मग चड्डी. गरोदरपणात वापरलेल्या, सैल झालेल्या चड्डीत कितीही चांगलं पॅड लावलं तरी ते अंगापासून लोंबतं आणि मधल्या फटीतून गळतं. नीट बसणारी, पूर्ण झाकणारी सुती चड्डी लागते. सिझेरियन झालं असेल तर इलास्टिक पोटावरच्या टाक्यांवर यायला नको, म्हणून कमरेला उंच, बेंबीच्या वर जाणारी, नेहमीपेक्षा एक माप मोठी घ्या. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्यावर या सुती उंच चड्ड्या सहज मिळतात. घ्यायला जाणाऱ्या बहिणीला किंवा वहिनीला फक्त "टाक्यांच्या वर जायला हवी" एवढं नेमकं सांगून पाठवा.

उठतानाची पद्धत बदला. एकदम उभं न राहता आधी कुशीवर वळा, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा. साचलेलं असेल ते पॅडवर येतं, मुरतं, मग उठा. चक्करही येत नाही. पाजायला बसण्याआधी पॅड बदलून घेतलं तर बाळ छातीशी असताना उठायची वेळ येत नाही. अंथरुणावर बाळासाठी आणलेली ड्राय शीट आणि तिच्यावर जुन्या सुती साडीची घडी टाकली की गादीची काळजी मिटते. चादर भिजली म्हणून बाळंतिणीला ओशाळं वाटतं, आणि ते मला बघवत नाही. भिजली तर भिजली, धुता येते.

मोठ्यांचे डायपर किंवा कमरेपर्यंत येणाऱ्या पॅडच्या पँटी हल्ली पुष्कळ जणी वापरतात. रुग्णालयातून घरी येण्याचा प्रवास, सिझेरियननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री, यासाठी त्या खरंच सोयीच्या आहेत. पण एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. डायपर खूप सामावून घेतो, त्यामुळे किती गेलं ते कळतच नाही. पॅड तासात भिजलं हे लगेच दिसतं. डायपर मात्र फक्त जड होतो, वरून कोरडा वाटतो. दोन पॅड एकावर एक लावली तरी हेच होतं. त्यामुळे डायपर वापरत असाल तर दर तीन-चार तासांनी उघडून बघायचाच, आणि न बघता गुंडाळून टाकायचा नाही. बदलणारी आई असो, नवरा असो की मदतीच्या मावशी, त्यांनाही हे सांगून ठेवा. मोबाइलमध्ये पॅड बदलल्याची वेळ टिपून ठेवली तर डॉक्टरांनी "किती जातंय?" विचारल्यावर "खूप" याच्यापेक्षा उपयोगी उत्तर देता येतं.

टाक्यांना चिकटतं

हा त्रास पहिल्या दोन दिवसांत कमी आणि नंतर जास्त होतो. तेव्हा जाणं कमी झालेलं असतं, पॅड फारसं भिजत नाही, म्हणून बदललं जात नाही. थोडं रक्त योनीजवळचे टाके आणि पॅड यांच्यामध्ये वाळतं आणि दोन्ही एकमेकांना धरून ठेवतं. उपाय घड्याळाचा आहे: पॅड भरलंय की नाही हे न बघता दर चार तासांनी, आणि लघवीला किंवा शौचाला गेल्यावर प्रत्येक वेळी बदला. कमी जायला लागलं म्हणून एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवणं, इथेच टाके चिघळतात.

चिकटलंच तर ओढू नका. मगभर कोमट पाणी वरून हळूहळू सोडा, मिनिटभर थांबा, आपोआप सुटतं.

वरचा थर बघून घ्या. बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी टाक्यांना टोचते आणि धाग्यांची टोकं तिच्यात अडकतात. कापसासारखा मऊ थर हवा, सुगंध नसलेला. सुटा कापूस मात्र थेट लावू नका, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात. रुग्णालयात देतात तसा गॉजमध्ये गुंडाळलेला असेल तर चालतो.

धुणं कोमट पाण्याने, पुढून मागे. लघवी करतानाच वरून पाणी ओतत राहिलं तर झोंबत नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कमोडशेजारी जेट स्प्रे असतो, त्याचा जोर ताज्या टाक्यांना सोसत नाही. तो महिनाभर विसरा, त्याऐवजी पाण्याचा मग किंवा दाबता येणारी बाटली घ्या. आणि वाघोली, उंड्रीसारख्या भागांत टँकरचं पाणी येत असेल तर टाक्यांपुरतं पाणी उकळून कोमट करून वापरा. धुतल्यावर मऊ सुती फडक्याने टिपून कोरडं करा, चोळू नका, आणि दोन मिनिटं मोकळं राहू द्या, मग पॅड लावा. ओल्यावर लावलेलं पॅड हेच निम्म्या पुरळाचं कारण असतं.

शेक-शेगडीबद्दल घरोघरी मत वेगळं असतं. पाठ-कंबर शेकायला माझी हरकत नाही. पण टाक्यांना धुरी देणं, निखाऱ्यांवर बसणं, टाक्यांवर तेल, हळद किंवा पावडर घालणं नको. कोवळी जागा भाजते आणि भरायला वेळ लागतो. जंतुनाशक किंवा मलम डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच.

पुरळ येतं, खाज सुटते, मांड्या सोलवटतात

लाली नेमकी पॅडच्या आकाराची असेल तर दोष पॅडचा: प्लास्टिक, सुगंध, घाम. पॅड बदला, तीन-चार दिवसांत उतरायला लागते. मांडीच्या सांध्यात असेल तर पॅडच्या पंखांची कड घासते आहे. पंख नसलेलं किंवा फासाचं पॅड लावून बघा, आणि बाळाच्या कुल्ल्यांना लावतो तसं झिंकचं मलम फक्त मांडीच्या कातडीवर लावा, टाक्यांवर नाही. दह्यासारखा पांढरा स्राव आणि जोराची खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. बाळंतपणात अँटिबायोटिक घेतलेल्या किंवा मधुमेह असलेल्या बायकांना तो जास्त होतो. त्याला औषध लागतं, पॅड बदलून तो जात नाही. टाक्यांतून पू, टाके उसवणं किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढणं, यात त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सुती कापडाची घडी वापरायची का, हे आजी हमखास विचारतात. स्वच्छ कापड वाईट नाही. ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळायला हवं, एवढीच अट. जुलै-ऑगस्टच्या पावसात गॅलरीत तीन दिवस दमट राहिलेलं कापड ताज्या टाक्यांना लावू नका. एप्रिल-मे असेल, टाके भरले असतील, जाणं कमी झालं असेल, तर खुशाल वापरा. टॅम्पॉन आणि मेन्स्ट्रुअल कप मात्र सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत नाहीच. आत जखम आहे, बाहेरून काही आत घालायचं नाही.

बंद झालं होतं, पुन्हा लाल जायला लागलं

बारशाच्या दुसऱ्या दिवशी हा फोन मला ठरलेला असतो. बाराव्या दिवशी बाळंतीण पैठणी नेसून सकाळपासून उभी, पाहुणे, ओटी, फोटो. दुसऱ्या दिवशी तपकिरी झालेलं पुन्हा लाल. शरीर सांगत असतं की जास्त झालं. दिवसभर झोपून काढा, बाळाला जवळ घ्या, बहुतेक वेळा उतरतं. सातव्या ते चौदाव्या दिवसांत जखमेवरची खपली सुटतानाही तास-दोन तास लाल जाऊ शकतं. ते थांबलं तर ठीक. थांबलं नाही, वाढत गेलं, गाठी पडल्या किंवा ताप आला तर सोनोग्राफी करून घ्यायला हवी, वाट बघू नका. पाच-सहा आठवड्यांनंतर पाळीसारखं आलं, तर वरचं दूध घेणाऱ्या बाळाच्या आईची ती पाळी असू शकते. पूर्ण अंगावर पाजणाऱ्यांना ती बहुधा उशिरा येते.

पॅड ओलं होतं पण रंग नाही, आणि खोकलं-शिंकलं की होतं? ती लघवी आहे. लाजू नका, पुष्कळ जणींना होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि सहा आठवड्यांनंतरही राहिलं तर स्त्रियांच्या या तक्रारी बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

किती आणायची, आणि टाकायची कशी

दर चार तासांनी एक म्हटलं तरी दिवसाला सहा होतात, पहिल्या दिवसांत आठपर्यंत जातात. म्हणजे पहिल्या आठवड्याला जाड पॅड साधारण 50. पुढच्या दोन आठवड्यांना मध्यम, आणि शेवटी पांढरं जाताना पातळ, छोटी. सगळी महागडी घ्यायची गरज नाही. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 2019 पासून 1 रुपयाला एक मिळतं. पहिल्या दिवसांच्या लोंढ्याला ते पुरणार नाही, शेवटच्या टप्प्यात छान चालतं. अनोळखी ब्रँडचं मोठं पाकीट एकदम घेऊ नका, आधी छोटं आणून एक दिवस लावून बघा.

वापरलेलं पॅड कमोडमध्ये टाकू नका, चेंबर तुंबतं आणि ते हाताने उपसावं लागतं. घडी घालून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्या. हा लाल ठिपका पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंनी मागितलेला आहे. त्यांना रोज हाताने कचरा निवडावा लागतो, आणि ठिपका दिसला की ते पुडकं त्या न उघडता बाजूला काढतात. बाळंतपणाच्या घरातून आता बाळाचे डायपरही निघणार, तेही असेच गुंडाळून द्या. बाथरूमच्या दारामागे वर्तमानपत्राचे तुकडे आणि लाल स्केचपेन एका पिशवीत अडकवून ठेवलं की रात्रीच्या वेळीही जो कोणी पॅड बदलायला मदत करतोय त्याला शोधाशोध करावी लागत नाही.